बेंगेटची कुरणे आणि मेळघाटचे रान : अमेरिकी साम्राज्याचा डोंगरातला इतिहास (१८९८–१९४६)

(धारणी येथील व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)

अलास्काची १८६७ मधील खरेदी बाजूला ठेवली, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा विस्तार १८९८ पर्यंत मुख्यतः आपल्याच खंडावर, मूळ रहिवाशांच्या आणि मेक्सिकोच्या भूमीवर चाललेला होता; त्या एका वर्षात मात्र हे राष्ट्र समुद्र ओलांडून वसाहतींचे धनी झाले. क्युबाच्या प्रश्नावरून स्पेनशी एप्रिलमध्ये सुरू झालेले युद्ध ऑगस्टमध्ये थांबले, जुलैमध्ये हवाई बेटे खालसा झाली आणि १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने पोर्तो रिको, ग्वाम व फिलिपिन्स अमेरिकेच्या पदरात पडले, त्यांपैकी फिलिपिन्सपोटी स्पेनला २ कोटी डॉलर मोजण्यात आले. ज्यांचा देश असा हातोहात फिरला, त्या फिलिपिनो लोकांनी एमिलिओ आगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली १२ जून १८९८ रोजीच आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. परंतु पॅरिसच्या वाटाघाटींत त्यांना स्थान मिळाले नाही. अमेरिकेच्या सिनेटने ६ फेब्रुवारी १८९९ रोजी हा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी, म्हणजे आवश्यक दोनतृतीयांशांपेक्षा अवघे एक मत अधिक मिळवून संमत केला आणि त्याच्या दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर अमेरिकी व फिलिपिनो सैन्यांत लढाई जुंपलेली होती.

हा इतिहास बहुधा वॉशिंग्टन, मनिला किंवा पॅरिस येथून सांगितला जातो. प्रस्तुत व्याख्यानात तो डोंगरातून, म्हणजे लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील कोर्दिलेरा पर्वतरांगेतून आणि तिच्याशेजारी सातपुड्यातील मेळघाट ठेवून पाहावयाचा आहे. मेळघाटातल्या धारणीसारख्या ठिकाणी ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटण्याचे कारण नाही, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मेळघाट ज्यात मोडतो ते वऱ्हाड आणि फिलिपिन्स या दोन्ही प्रदेशांचे कायदेशीर स्थान विलक्षण सारखे होते, दोहोंच्या जंगलांवर एकाच परंपरेच्या वनशास्त्राचा अंमल बसला होता आणि दोन्हीकडच्या डोंगरी लोकांना तेव्हा किंवा पुढे उरलेल्या प्रजेपासून वेगळे काढून सरकारच्या खास देखरेखीखाली ठेवण्यात आले. अमेरिकेचे साम्राज्य इतरांच्या साम्राज्यांहून निराळ्या जातीचे होते, असा दावा तेव्हा केला गेला आणि आजही केला जातो. तो कितपत खरा आहे याची कसोटी राजधानीतील भाषणांत लागत नाही, डोंगरातील जमिनीवर लागते, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

फिलिपिन्समधील युद्ध अधिकृतपणे ४ जुलै १९०२ रोजी संपले. १९०० मध्ये तेथे सुमारे ७० हजार अमेरिकी सैनिक होते. ४ हजारांहून अधिक अमेरिकी आणि २० हजारांहून अधिक फिलिपिनो योद्धे मृत्यू पावले, तर लढाई, उपासमार व पटकी यांनी मेलेल्या सामान्य लोकांची संख्या २ लाखांपर्यंत असावी, असा अंदाज अमेरिकी सरकारच्याच इतिहासकारांनी दिला आहे. बातांगास प्रांतात गावेच्या गावे उठवून लोकांना ठरावीक हद्दीत कोंडण्यात आले. क्युबात स्पेनने नेमके हेच केले म्हणून अमेरिकेत संतापाची लाट उसळली होती आणि त्या संतापावरच युद्धाची उभारणी झाली होती; चार वर्षांच्या आत तीच रीत अमेरिकेच्या सेनापतींनी उचलावी, ही गोष्ट त्या काळच्या साम्राज्यविरोधी अमेरिकनांना, त्यांतही मार्क ट्वेन यांच्यासारख्या लेखकाला, असह्य झाली आणि त्यांनी ते निर्भयपणे लिहिले. अमेरिकेच्या इतिहासातील हा विरोधाचा प्रवाह पराभूत झाला असला, तरी तो होता हे नोंदवणे न्यायाचे आहे.

युद्ध जिंकल्यावर अमेरिकेपुढे घटनेचा पेच उभा राहिला. जिंकलेली बेटे जर अमेरिकेचा भाग असतील, तर अमेरिकी राज्यघटनेतील हक्क तेथील लोकांना लागू होतात आणि भाग नसतील, तर तेथे राज्य करण्याचा अधिकार कोठून येतो, असा तो पेच होता. तो सुटला संत्र्यांच्या एका खटल्यात. पोर्तो रिकोहून आलेल्या संत्र्यांवर न्यूयॉर्कच्या बंदरात जकात आकारली गेली, व्यापाऱ्याने ती परत मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९०१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की ही बेटे अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण अमेरिकेत सामील झालेली नाहीत. म्हणून जकातीसंबंधीचा घटनेचा नियम त्यांना लागत नाही. या व अशा निर्णयांच्या मालिकेला बेटांचे खटले म्हणतात. त्यांतून ‘असमाविष्ट प्रदेश’ ही संकल्पना निघाली, म्हणजे असा मुलूख, की ज्यावर सत्ता पूर्ण चालते, पण ज्याच्या रहिवाशाला नागरिकत्व आपोआप मिळत नाही.

वऱ्हाडच्या वाचकाला ही स्थिती परकी वाटू नये. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. कारभार इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व निजामाचे, अशी व्यवस्था तेव्हापासून चालू राहिली. लॉर्ड कर्झन यांनी ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाडचा कायमचा पट्टा सालिना २५ लाख रुपयांवर लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी हा मुलूख कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला. तरीही कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात कधीच आले नाही, ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्र हुकुमाने लावावे लागत; इतकेच काय, १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेले सदस्य मध्य प्रांताच्या कायदेमंडळात बसवताना सरकार त्यांची रीतसर ‘नेमणूक’ करीत असे, कारण परक्या राजाच्या मुलखातून निवडणुकीने सदस्य येऊ शकत नाही, असे कायदा मानीत होता. ज्या १९०२ साली वऱ्हाडचा पट्टा झाला, त्याच साली १ जुलैला अमेरिकी काँग्रेसने फिलिपिन्सचा मूलभूत कायदा संमत करून तेथील रहिवाशांना ‘फिलिपिन्सचे नागरिक’ ठरवले, अमेरिकेचे नव्हे. अमरावतीचा वकील आणि मनिलाचा वकील, दोघेही त्या काळात आपण नेमके कोणाचे प्रजाजन आहोत या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देऊ शकले नसते.

परंतु वकिलांचा पेच हा मैदानी मुलखाचा पेच होता. डोंगरात प्रश्न जमिनीचा होता आणि जमिनीचा प्रश्न जंगलखात्यामार्फत आला.

हिंदुस्थानचे पहिले वन-महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे मूळचे जर्मनीतील बॉनचे. १८६४ मध्ये ते या पदावर आले आणि राखीव जंगल, मोजणी करून तयार केलेली कार्ययोजना, कूपवार तोड व चराईवरचे नियंत्रण या गोष्टी त्यांच्या काळात सरकारी वनव्यवस्थेत रुजल्या. निवृत्तीनंतर ते बॉनला राहत असताना, १८८९ मध्ये गिफर्ड पिंचो नावाचा एक तरुण अमेरिकन वनशास्त्र शिकण्याच्या इच्छेने त्यांना भेटला. त्याने कोठे शिकावे, काय पाहावे हे ब्रँडिस यांनी ठरवून दिले आणि पुढे अनेक वर्षे पत्रांतून त्याला मार्गदर्शन केले. हाच पिंचो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. त्याआधी १९०२ मध्ये त्याने फिलिपिन्सच्या जंगलांचा दौरा केला होता. तेथील वनखाते कॅप्टन जॉर्ज अहर्न हा सैन्यातील अधिकारी १९०० पासून सांभाळत होता. १९०४ मध्ये फिलिपिन्सचा वनकायदा झाला. बॉनमधील एका वृद्ध गृहस्थाच्या अभ्यासिकेतून हिंदुस्थानच्या जंगलांतला अनुभव अशा रीतीने लुझॉनपर्यंत पोचला, हा साम्राज्यांच्या इतिहासातील फारसा न सांगितलेला दुवा आहे. इंग्रज आणि अमेरिकन राज्यकर्ते परस्परांशी भाषणांत कितीही स्पर्धा करीत असले, तरी त्यांचे वनाधिकारी एकाच शाळेचे विद्यार्थी होते.

दोन्हीकडे पहिला आघात डोंगरातील फिरत्या शेतीवर झाला. फिलिपिन्समध्ये तिला कैंगिन म्हणतात. झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत धान वा कंद लावायचे आणि काही वर्षांनी ती जागा पुन्हा रान वाढण्यासाठी सोडून द्यायची, अशी ती पद्धत. मेळघाटातील कोरकू आदिवासींची दहिया हीच होती. तिच्यात कोदो, कुटकी, सावा यांसारखी हलकी धान्ये निघत आणि नांगर-बैलांची गरज पडत नसे. जंगलखात्याच्या हिशेबात उतारावर उभा असलेला साग म्हणजे उद्याचे स्लीपर आणि तुळया, म्हणून दहिया ही नासाडी ठरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बंद पाडण्यात आली. अमेरिकी अमलाच्या आरंभीच फिलिपिन्समध्ये सरकारी जंगलात परवान्याशिवाय कैंगिन करणे हा गुन्हा झाला. वनकायदा झाला त्याच १९०४ साली नेग्रोस बेटावर इन्स्युलर लंबर कंपनी या अमेरिकी कंपनीला तोडीची सवलत मिळाली आणि पुढे तेथील लावान जातीचे लाकूड ‘फिलिपिन्स महोगनी’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात गेले. कुटुंबाने पोटापुरता जाळलेला उतार हा गुन्हा आणि वाफेच्या करवतीने साफ केलेला डोंगर हा उद्योग, हा भेद कोणत्याही वनशास्त्राने शिकवलेला नव्हता. तो सत्तेने ठरवलेला होता. मेळघाटात तर दहिया सोडलेल्या कोरकूंनाच वनग्रामे वसवून कूपकटाईच्या मजुरीला लावले गेले, आणि ज्या सागावर त्यांचा हक्क उरला नव्हता तो त्यांच्याच हातांनी तोडून परतवाड्याच्या वाटेला लावला गेला.

याच सुमारास अमेरिका वऱ्हाडच्या आसपास एका वेगळ्या रूपात उभी होती, तिचाही उल्लेख आवश्यक आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने जमवलेला सुमारे ५ हजार टन मका ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मुंबईला आला आणि त्याचे भाडे अमेरिकी सरकारने सोसले. अकोल्यात अमेरिकन अलायन्स मिशनचे ठाणे होते. तेथील जेनी फुलर यांनी १९०० मध्ये हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. एलिचपुराकडच्या कोरकूंत अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी १८७० च्या दशकातच आले होते. ही भूतदया खोटी नव्हती. एकाच सरकारचा पैसा एका जहाजाने मुंबईला मका पाठवीत होता आणि दुसऱ्या जहाजांनी मनिलाला पलटणी, आणि दोन्ही कामे करणाऱ्यांना आपण उपकारच करीत आहोत असे मनापासून वाटत होते. साम्राज्याचे मानस समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

डोंगरी लोकांना वेगळे काढण्याची व्यवस्थाही दोन्हीकडे समांतर वाढली. कोर्दिलेरातील इबालोई, बोंतोक, इफुगाव या समाजांना मैदानी लोक सरसकट इगोरोत म्हणत. अमेरिकनांनी १९०१ मध्ये ‘अख्रिस्ती जमातीं’साठी स्वतंत्र खाते काढले, १९०८ मध्ये पर्वतप्रांत हा निराळा प्रांत केला आणि मधल्या काळात, १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात, इगोरोत स्त्री-पुरुषांना खोटे गाव उभारून तिकीट काढलेल्या प्रेक्षकांपुढे मांडले. फिलिपिन्सची विधानसभा १९०७ मध्येच निवडून आली होती आणि हिंदुस्थानातील पुढारी त्या गोष्टीचा हेव्याने उल्लेख करीत. पण १९१६ च्या जोन्स कायद्याने तेथील सिनेट लोकनियुक्त झाले, तेव्हाही पर्वतप्रांताचे प्रतिनिधी गव्हर्नर-जनरल नेमीत असे. हिंदुस्थानात १९३५ च्या कायद्याखाली मेळघाट तालुका ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाचा कायदा गव्हर्नरने लागू केल्याखेरीज येथे चालत नसे. संरक्षण हा या तरतुदीचा हेतू सांगितला जाई आणि सावकार व ठेकेदार यांचा त्या काळचा जाच पाहता तो हेतू निराधार म्हणता येणार नाही. मात्र ज्यांचे संरक्षण करायचे, त्यांना विचारण्याची तरतूद कोठेच नव्हती. वऱ्हाड हिंदुस्थानात अर्धे आणि मेळघाट वऱ्हाडात अर्धा, असा हा दुहेरी उंबरठा होता.

या सर्व साम्यात एक मोठा फरक आहे आणि तो अमेरिकेच्या बाजूचा आहे. कोर्दिलेरातील बेंगेट येथील मातेओ कारिन्यो हे इबालोई समाजातील गुरेढोरे बाळगणारे गृहस्थ. १४६ हेक्टर जमीन त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. तिचा काही भाग कुंपण घालून कुरण म्हणून राखलेला होता, काही कसला जात होता, पण स्पेनच्या सरकारचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. बागिओ हे थंड हवेचे ठिकाण अमेरिकनांनी उन्हाळी राजधानीसाठी निवडले, वऱ्हाडातल्या इंग्रज अंमलदारांना जसे चिखलदरा तसे. आणि १९०३ मध्ये तेथे कॅम्प जॉन हे ही लष्करी छावणी झाली, तेव्हा कारिन्यो घराण्याच्या जमिनीवर सरकारने हक्क सांगितला. सरकारचे म्हणणे असे, की सगळी जमीन मुळात स्पेनच्या राजाची, राजाकडून ती अमेरिकेला मिळाली, ज्याच्याजवळ राजाची सनद नाही त्याची जमीन सरकारची. फिलिपिन्सच्या न्यायालयांनी हे मान्य केले. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २३ फेब्रुवारी १९०९ रोजी ते फेटाळले. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात असे मांडले, की माणसाच्या आठवणीपलीकडून जी जमीन खाजगी मालकीच्या भावनेने धारण केलेली आहे, ती कधी सरकारची नव्हतीच असे गृहीत धरले पाहिजे. स्पेनने कागदावर काय लिहिले यावरून ज्या डोंगरात स्पेनची सत्ता नीट पोचलीही नव्हती तेथील लोकांचा हक्क बुडत नाही.

या निकालाचे महत्त्व पुराव्याच्या ओझ्यात आहे. मेळघाटात हद्दीचे बुरूज रोवले गेले, तेव्हा जंगल सरकारचे हे गृहीत होते आणि आपली वहिवाट सिद्ध करण्याचे काम कोरकूंवर होते. शिवाय जी वहिवाट मान्य झाली ती बहुधा सवलत म्हणून झाली, हक्क म्हणून नव्हे, म्हणजे नाकेदाराच्या मर्जीने टिकणारी. होम्स यांनी ते ओझे उचलून सरकारच्या डोक्यावर ठेवले. वऱ्हाडच्या वनांच्या संपूर्ण ब्रिटिश इतिहासात या तोडीचा विचार दिसत नाही. खेदाची गोष्ट अशी, की फिलिपिन्समध्येही तो कागदावरच राहिला. छावणी हलली नाही आणि वनखात्याने आपला नित्याचा कारभार पूर्वीच्याच गृहीतावर चालवला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात या वसाहतींना वचने मिळाली. ऑगस्ट १९१६ च्या जोन्स कायद्यात स्थिर सरकार उभे राहताच फिलिपिन्सला स्वातंत्र्य देण्याचा उद्देश जाहीर झाला. सुमारे एका वर्षाने, २० ऑगस्ट १९१७ रोजी, भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या वेळी अमेरिकेत असलेल्या लाला लजपतराय यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात फिलिपिन्समधील शिक्षण व स्वराज्याची हिंदुस्थानशी तुलना करून इंग्रजांना लाज आणण्याचा प्रयत्न केला होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ज्या होमरूल चळवळीचे वऱ्हाडातील आधारस्तंभ होते, तिचे नेते लोकमान्य टिळक यांनी जानेवारी १९१९ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पत्र लिहून स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानलाही लावण्याची विनंती केली. योग्य वेळी योग्य अधिकारी त्याचा विचार करतील, एवढेच उत्तर त्यांना मिळाले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी तर अमेरिकेची दुसरी बाजू प्रत्यक्ष पाहिली. ते ऑरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकत असताना तेथील लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत गदर चळवळ उभी राहत होती आणि तिच्या उभारणीत त्यांचा भाग होता. १९०७ मध्ये बेलिंगहॅम या गावातून अशा मजुरांना गोऱ्या जमावाने हाकलून दिले होते, आणि १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी मजुरांना अमेरिकेची दारेच बंद झाली. खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले आणि मक्याच्या वाणांवरील संशोधनाने नावाजले गेले.

दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख येथे थोडक्यात, पण त्याच डोंगराच्या संदर्भात करणे योग्य होईल. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी बागिओच्या कॅम्प जॉन हे छावणीवर बाँब टाकले. कोर्दिलेरातील इगोरोत तरुण अमेरिकेच्या बाजूने, अनेकदा गनिमी काव्याने, लढले आणि ३ सप्टेंबर १९४५ रोजी जपानी सेनापती यामाशिता यांनी शरणागतीवर सही केली तीही त्याच छावणीत. बागिओवरील हल्ल्याआधीच, अटलांटिक सनदेतील स्वराज्याचे कलम हिंदुस्थानला लागू नाही, असे चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये सांगितले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर, आष्टी आणि अमरावतीजवळची यावली येथे लोक गोळ्यांना सामोरे गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अध्यक्ष रुझवेल्ट यांनी फिलिपिन्सचा ४४ वर्षांचा इतिहास हा इतर लहान राष्ट्रांसाठी नमुना असल्याचे प्रतिपादन केले. त्या नमुन्यात १९०२ पर्यंतचे मृत किती मोजले गेले, हे रुझवेल्ट यांनी सांगितले नाही. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. मात्र पुढच्याच वर्षी ९९ वर्षांच्या करारावर लष्करी तळ अमेरिकेकडे राहिले आणि कॅम्प जॉन हे १९९१ पर्यंत तिच्याच ताब्यात होता.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही देशांच्या वनखात्यांनी साम्राज्याचे गृहीत तसेच पुढे चालवले, हे कटू असले तरी सत्य आहे. फिलिपिन्सने १९९७ मध्ये मूळनिवासी हक्कांचा कायदा केला तेव्हा त्याचा पाया म्हणून १९०९ चा कारिन्यो निकालच पुढे ठेवण्यात आला; त्या कायद्याला आव्हान मिळाले आणि २००० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाची मते सात विरुद्ध सात अशी समान पडल्याने तो तरला. भारताचा वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या प्रस्तावनेत वनवासी समाजांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे संसदेने स्वतः मान्य केले आहे आणि त्याच्या नियमांत सरकारी कागदांच्या जोडीला गावातील वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने हाही पुरावा धरला जातो. म्हणून मृतांच्या स्मरणार्थ कोरकू जो मुंडा, म्हणजे सूर्यचंद्र कोरलेला सागाचा खांब, उभारतात तो आता वहिवाटीचा दाखला म्हणून ग्रामसभेपुढे ठेवता येतो. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरसारख्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवून उजाड रान पुन्हा उभे केले आहे. दावा मात्र अजूनही गावालाच दाखल करावा लागतो, पुरावे गावालाच गोळा करावे लागतात आणि दावा नाकारला गेला तर वरच्या समितीपुढे अपिलात गावालाच जावे लागते. होम्स यांनी सरकारच्या डोक्यावर ठेवलेले ओझे या कायद्यानेही पूर्णपणे तेथे ठेवलेले नाही, आणि धारणी व चिखलदरा तालुक्यांतील प्रलंबित दाव्यांच्या सुनावणीत हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडण्यास वाव आहे.